पाळण्यातला वरवंटा

"मग तू कवा आणायलास?" कमरेवर हात ठेवून अक्का एवढंच विचारायची आणि समोरच्याची बोलती बंद व्हायची.

बिदरला, शेजारच्या कोळार गावच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं बियाण्यांचं गोदाम. अक्का पाकिटं भरायची, मी गोदामाच्या किल्ल्या सांभाळायचो. राहायलाही ती आमच्याच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली, एका मोठ्या नटीनं परदेशातून मूल दत्तक घेतलं. झालं! डबे बाजूला ठेवून आम्ही सगळे न्यायाधीश झालो. तुम्हीही कधीतरी झाला असालच, उगाच नाही म्हणू नका.

"आपल्या देशात लेकरं कमी हैत का? कामून तिकडून आणायलेत?" सगळ्यांत मोठा आवाज माझाच.

अक्कानं मला तोच प्रश्न विचारला. मी भाकरीकडे वळलो.

तिनं स्वतःच दत्तकासाठी अर्ज केलाय, हे मला नंतर बायकोकडून कळलं. फार ओशाळलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवरा अबोल, पण तिच्या बाजूचा. अडचण होती सासूची. मंठाळ गावी शेती बघणारी ती म्हातारी बजावून गेली होती, "परक्याचं लेकरू माज्या घरात चालायचं न्हाई." आता दत्तक संस्थेच्या बाई घरी चौकशीला येणार, घरातल्या मोठ्यांनाही विचारणार, आणि सासूच्या एका वाक्यानं सगळं मोडणार.

अक्का भांडली नाही. रोज सासूला फोन करायची, "आत्याबाई, तुमी निस्तं या. मनात असंल ते बोला."

चौकशीच्या आदल्या दिवशी आत्याबाई आल्या. अक्कानं हौसेनं टांगलेला नवा पाळणा त्यांनी खालीवर न्याहाळला आणि भाकरी खाऊन झोपल्या. अक्काला घास गेला नाही.

सकाळी बाई आल्या. आम्ही शेजारी काही ना काही निमित्त काढून दारात हजर. बाई पाळण्यात डोकावल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. आत टोपडं घातलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हे कुणाचं बाळ? परवानगीआधीच आणलं?"

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. तिलाही काही ठाऊक नव्हतं. तिनं दुपटं ओढलं, तर आत पाट्यावरचा वरवंटा! आपल्याकडे बारशाला वरवंट्याला टोपडं घालून बाळासारखं या हातातून त्या हातात देतात, तसाच नटवलेला.

"म्या ठिवला," कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या. "रिकामा पाळणा टांगू न्हाई, बाई. आमचं लेकरू येईपत्तोर ऱ्हाऊ द्या की त्येला तितं."

आमचं लेकरू! अक्का होती तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. बाई हसू दाबत लिहीत राहिल्या. मीही रडलो, त्यात लाज कसली?

काही महिन्यांनी ओडिशातून आठ महिन्यांची मुलगी आली. काळ्याभोर, टपोऱ्या डोळ्यांची. गल्ली सवयीप्रमाणे सुरू झाली, "आपल्या जिल्ह्यात मिळालं न्हाई व्हय?" या वेळी अक्काला तोंड उघडावंच लागलं नाही. आत्याबाई पेढ्यांचा डबा घेऊन दारोदार फिरत होत्या. "माजी नात आली. पेढा खा आन् तोंड मीट." पहिला पेढा मला मिळाला.

पुढे नवऱ्याला कलबुर्गीत काम लागलं आणि अक्कानं गोदाम सोडलं. नातीपायी आत्याबाईही त्यांच्यासोबत निघाल्या. नटनट्यांच्या बातम्या अजून येतात, पण मी आता मुकाट जेवतो.

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो होतो. आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या, नात त्यांच्या मांडीवर. बस हलली तेव्हा शेजारच्या सीटवरून अक्का दोन्ही हात पुढे करून लेकरू मागत होती, आणि म्हातारी ऐकूच येत नसल्यासारखी तोंड फिरवून नातीला बाहेरची गर्दी दाखवत होती.