मौजेची गाडी

ऑफिसात सगळे तिला मौजताई म्हणत. सांख्यिकी खात्यात कित्येक वर्षं तिच्या वाट्याला एकच रकाना आला होता: ‘करमणुकीच्या वस्तू आणि वाहने’. तंबू, गळ, होड्या, सायकली आणि आत बिछाना-ओटा असलेल्या सहलीच्या गाड्या. लोकांनी यावर किती पैसे उधळले ते दर महिन्याला साहेबांपुढे ठेवायचं. खिसा गरम असला की माणूस होडी घेतो आणि पोटात गोळा आला की आधी होडीच रद्द करतो. त्यामुळे वैद्याने जीभ पाहावी तसा साहेब सगळ्यात आधी हा रकाना पाहत. स्वतः मौजताईने जन्मात करमणुकीची वस्तू घेतली ती एक, उडी मारायची दोरी. तीही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

त्यामुळे धाकट्या भावाने फोनवर “ताई, सहलीची गाडी घेतली” म्हणताच तिला भरून आलं. हा सुतार, हाताचा पक्का आणि नशिबाचा कच्चा. मागच्या वर्षी बायको गेली, त्याआधी दवाखान्याने होतं नव्हतं ते धुऊन नेलं. तो सावरला एवढं तिला पुरे होतं. तिने ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

“पाहायला येते” म्हटलं की तो मात्र काहीतरी कारण काढी. शेवटी एका रविवारी ती हट्टाने गेलीच.

गाडी मैदानामागच्या पार्किंगच्या कोपऱ्यात उभी होती. बाहेरच्या आरशावर टॉवेल वाळत होता. आत शिरताना तिचा गुडघा कशावर तरी आपटला. पाहते तर भावजयीचं शिवणयंत्र.

“सहलीला शिवणयंत्र कशाला रे?”

“चहाचा कप ठेवायला बरं पडतं.”

“आणि घर?”

“विकलं. बिलं भागली, उरल्यात ही आली.” तो हसला. “घरपट्टी नाही, काही नाही. शेजारी आवडले नाहीत की गियर टाकायचा.”

ती हसली नाही. “सामान बांध. माझ्याकडे चल.”

“दाजींना विचारलंस?”

“त्यांचं मी बघते.”

“म्हणजे नाही विचारलंस.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “तुझ्याकडे आलो की मी बिचारा होतो गं. इथे निदान गाडीवाला आहे.”

“उद्या संध्याकाळी न्यायला येते. नाही म्हणायचं नाही.”

“बरं बाई, ये.”

घरी जाऊन ती नवऱ्याशी भांडली आणि चक्क जिंकली. हॉलमधलं कपाट सरकवून तिने गादी घातली, धुतलेली चादर अंथरली.

सोमवारी साहेबांचा चेहरा खुलला होता. “मौजताई, सहलीच्या गाड्या उसळल्यात! लोकांना धीर आलाय. अहवालात छानसं वाक्य टाका.”

कोण कशासाठी गाडी घेतो, याचा रकाना खात्यात नव्हता. तिने टाइप केलं, ‘लोक मोठ्या संख्येने घराबाहेर पडू लागले आहेत.’

“वा!” साहेब म्हणाले. “वाक्यात जान आहे.”

ऑफिस सुटल्यावर ती तडक रिक्षा करून पार्किंगला गेली. कोपऱ्यात एक पांढरी मोटार लागली होती. फोन लावला, बंद होता. पुन्हा लावला. मोटारींच्या रांगांमधून ती टोकापर्यंत जाऊन आली. एवढी मोठी गाडी मोटारीमागे लपणार नाही हे माहीत असूनही तिने मागे वाकून पाहिलं.

“ती बिछान्याची गाडी?” रखवालदार जवळ येत म्हणाला. “सकाळीच गेली. तुम्ही त्यांची बहीण का?”

“हो.”

“निरोप आहे. म्हणाले, ताईला सांगा, फिरायला गेलोय.”

“कुठे?”

“ते नाही बोलले.” रखवालदाराने कौतुकाने मान हलवली. “मजा आहे बुवा तुमच्या भावाची.”