वर्गातला हुळा

ओला हरभरा भाजल्याचा वास आला, की मले पंचवीस वर्षांमागचा लेकीचा कॉलेजातला वर्ग आठवतो. तिनं निरोप धाडला होता, "बाबा, इथं कोणी बोलत नाई. घ्याले या."

मी देवळीहून भाजक्या हरभऱ्याचा, म्हणजे हुळ्याचा, झोला घेऊन वर्ध्याले गेलो. सरांचा तास चालू होता, पोरगी मागच्या बाकावर एकटीच होती. मी वर्गातच पेपर अंथरून ढीग ओतला.

"काका, हे काय?" सर दचकले.

"हुळा एकट्यानं खात नसतात, सर. बसा खाली!"

घाटे सोलता सोलता सरांसकट सगळ्यांची तोंडं काळी झाली. "अगं, तुला मिशा आल्या!" शेजारची पोरगी लेकीले म्हणाली, अन् दोघी खिदळल्या.

"चाल घरी," मी म्हटलं.

"तुमी जा बाबा. मले उद्या तास आहे."

परतताना कंडक्टर माझं तोंड पाहून हसला. मी घरापर्यंत पुसलं नाई.