फुलामागे एक कळशी

आमच्या तोंडवलीच्या वाळूत गुलाब जगत नाही, असं अख्खी वाडी सांगायची. शेजारच्या काकीने ते कधी मनावर घेतलं नाही. मासे धुतलेलं पाणी ती गुलाबांच्या आळ्यांत ओतायची, समुद्राच्या बाजूला झावळ्यांचा कूड उभा करायची आणि रोज सकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने एकेका पानावरचं मीठ धुऊन काढायची. धुताना पानांना शिव्याही द्यायची.

फूल मागायला कुणीही जावं, तिचं उत्तर एकच. "फूल व्हया? आधी कळशी हाड." देवळातले भटजीसुद्धा सोवळं सावरत विहिरीवरून कळशी भरून आणायचे, मग फूल न्यायचे. मी मात्र चवथीच्या पहाटे गणपतीसाठी एक गुलाब गुपचूप तोडला. काकी काहीच बोलली नाही. तिने पाहिलं नसेल, असं मी धरून चालले.

दिवाळीच्या तोंडावर वादळ आलं. दोन दिवस नुसता खारा वारा. तिसऱ्या दिवशी मी काकीकडे गेले, तर एकूण एक झाड करपून काळं पडलेलं, आणि ती वाकून कोयतीने प्रत्येक झाड वीतभर ठेवून छाटत होती. मला भरून आलं.

"काकी, सगळां गेलां गो!"

तिने मानही वर केली नाही.

"मुळां जिती आसत. रडतस कित्याक? चवथीक चोरून नेलंस, त्या फुलाची कळशी हाड आधी."