दुष्काळ सरला, डबे राहिले

"तुमची किडनी जुळते, पण घेता येणार नाही," नांदेडच्या डॉक्टरांनी फाइल बंद करत सांगितलं. "वजन फार आहे, आणि प्रीडायबेटिस आहे."

प्रीडायबेटिस म्हणजे मधुमेह अजून घरात शिरलेला नसतो, उंबरठ्यावर उभा असतो. शेजारच्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ मिलिंद बसला होता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिसला, म्हणजे यंत्रानं रक्त शुद्ध करून घ्यायला, तो जळकोटहून येई. घरात किडनी जुळणारी मी एकटीच.

मी काही खादाड नाही, असं मी डॉक्टरांना बजावलं. आहारतज्ज्ञ बाईंनी फक्त विचारलं, किराण्यात काय भरता? सांगता सांगता माझंच मला ऐकवेना.

लातूरला आम्ही टँकरवर दिवस काढले, तेव्हा भांडी घासायला पाणी नसे. भाकरी-वरण मागे पडलं. टोस्ट, खारी, फरसाण आणि कागदी प्लेटा आल्या. पाहुण्याला तांब्याभर पाणी देणं जिवावर येई, म्हणून थंड पेयाची बाटली पुढे करायची. तेव्हा ते शहाणपणच होतं. मग पाऊस झाला, नळ आला, पण दुकानात हात आपोआप त्याच फळीकडे जाई. जेवण परत सुरू झालं आणि फराळही चालूच राहिला.

घरी येऊन डबे रिकामे केले. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सकाळचं चालणं. किराणा भरल्या पोटीच आणायचा, हा बाईंचा नियम; तुम्हीही करून पाहा. वजन मात्र हट्टी. मला रडू यायचं. मी बारीक होईपर्यंत मिलिंद सुया टोचून घेत होता. डायलिसिसच्या रुग्णाला पाणीही मोजून. दिवसभर तो एका लहान बाटलीवर राही.

वेटिंग हॉलमध्ये लोक उदगीर वेगळा जिल्हा कधी होणार, यावर तावातावानं बोलत. मिलिंद मला म्हणाला, "अक्का, जिल्हा आधी हुतोय का तू बारीक, ते बघायलोय."

जिल्हा मागे पडला, माझं वजन आधी उतरलं. तपासण्या नीट आल्या, ऑपरेशन झालं. मी चालू लागल्यावर नर्सनं मास्क बांधून मला त्याच्या खोलीच्या दाराशी नेलं. डॉक्टर त्याला सांगत होते, आता पाणी भरपूर प्यायचं.

मिलिंदनं भरल्या तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "समदा पिऊ?"

"पी बाबा."

आमच्या घरातलं कुणी इतकं पाणी एका दमात पिताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.