येसराची मूठ

गयामावशी येसर भाजताना कढईत बघायचीच नाही. डोळे मिटून वास घ्यायची आणि एकदम ओरडायची, "उतरव गं! आता ऱ्हायलं तर जळलं!" येसर म्हणजे आमच्याकडच्या लग्नातल्या आमटीचा मसाला. कंधारजवळच्या आमच्या गावात लग्न ठरलं की पहिला सांगावा तिला जायचा. वजनकाटा दाखवला की म्हणायची, "मानसं किती ते सांग, माप माझ्या मुठीत हाय." दुसऱ्या कुणाच्या आमटीला तिनं जन्मात बरं म्हटलं नाही.

एकदा ती ओट्यावरून पडली, डोक्याला खोक पडली. मूलबाळ नाही, म्हणून शेजारी या नात्यानं मीच तिला नांदेडला नेलं. मार किरकोळ होता, पण डॉक्टर स्कॅन बघतच राहिले. म्हणाले, "मेंदूच्या दोन भागांना जोडणारी पट्टी यांना जन्मापासूनच नाही. क्वचित असतं असं. साठ वर्षं झकास चाललंय, काही करायचं नाही."

तेवढं ऐकून गप्प बसलो असतो तर! पण मी पडलो मास्तर, जिभेला हाड नाही. परतीच्या बसमध्येच कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. आठवड्यात गावभर झालं, गयाबाईला अर्धाच मेंदू हाय. पुढच्या लग्नाचा सांगावा तिला आला नाही. त्याच्या पुढच्याचाही नाही. "इस्तवापाशी कसं बसवावं तिला?" बाया म्हणायच्या. मी घरोघर जाऊन समजावलं. लोक "हाव, हाव गुरुजी" म्हणायचे आणि दुसरीला बोलवायचे.

एक दिवस तिनं मला ओट्यावर बसवून घेतलं. "गुरुजी, ते जन्मापासूनच न्हाई म्हनले ना डॉक्टर?"

"हो, मावशी."

"मग तुझ्या लग्नाचं येसर कुनी केलतं रे?"



पुढे माझ्याच मुलीचं लग्न ठरलं. बायको म्हणाली, "शुभकार्यात विषाची परीक्षा नको." आणि मी, सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारा मी, लातूरहून तयार मसाला आणला. मावशी नवं लुगडं नेसून आली, पंगतीत बसली. आमटीचा एक भुरका घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरी झालीय."

महिन्याभरात ती झोपेतच गेली. तिचं घर आवरताना चुलीमागे फडक्यानं तोंड बांधलेला मोठा डबा निघाला. तिला दळू लागणारी शेजारीण म्हणाली, "तुमच्या पोरीच्या लग्नाचं येसर हाय, गुरुजी. लग्नाच्या दिवसापर्यंत म्हनायची, गुरुजी तरी सांगावा धाडील."

मी फडकं सोडलं. वास तसाच होता, तिच्या हातचा. तिथंच चुलीपाशी बसून मी ढसाढसा रडलो.