कावळा शिवला, पण गाडी अर्धीच होती

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात साबणाच्या बादलीत होते. सकाळी गाडीला पॉलिश मारता मारता तिच्या छातीत कळ आली आणि शेजारच्या गॅरेजवाल्यांनी तिला आपल्या गाडीत घालून बेळगावला दवाखान्यात नेलं. गाडीत बसता बसता ती मला म्हणाली, "सुमन, मशीनचं पॅड तेवढं बादलीत टाक गं. कंपाउंड वाळलं तर दगड हुतंय त्याचा." हे तिचं शेवटचं बोलणं. नंतर घरी भेटायला आलेल्या बायका एकच विचारायच्या, जाताना काय म्हणाली, देवाचं नाव घेतलं का? मी जे होतं ते सांगितलं. कुणाला आवडलं नाही. न आवडू दे.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. निपाणीच्या बाहेर, हमरस्त्याला लागून दिरांचं गाड्या पॉलिश करायचं पत्र्याचं शेड आहे, मागं आमचं घर. दीर गेले तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की शेड आता भाड्यानं जाणार आणि आक्का चूल सांभाळणार. तिनं पदर खोचला आणि पॉलिशचं मशीन हातात घेतलं. गिऱ्हाईक यायचं, इकडंतिकडं बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठं हाईत?" ही म्हणायची, "समोरच हाय की." आमचे चुलत सासरे, आप्पा, भावकीतले वडीलधारे. ते एकदा भर शेडात म्हणाले, "बाईमाणसानं रस्त्याकडंला परक्याच्या गाड्या पुसायच्या, शोभतंय व्हय?" आक्कानं मशीन बंदसुद्धा केलं नाही. आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवून काम चालू ठेवलं. आप्पा उभे राहून राहून दमले आणि गेले.

तिचा खरा जीव मशीनला लावायच्या त्या फोमच्या गोल पॅडांत. माझे मिस्टर बेळगावला नोकरीला, शनिवारी येणार, म्हणून दिवसभर मी तिच्या हाताखाली. गाडीचा एक भाग झाला की मऊ ब्रशनं पॅड झाडायचं, आतला मळ आणि सुकलेलं पॉलिश काढायचं. काम संपलं की कोमट पाण्यात, जरासा साबण घालून, अंगठ्यानं दाबत दाबत धुवायचं. पिळायचं अजिबात नाही, मशीनला धरणारी मागची चिकटपट्टी सुटते. गरम पाणी नाही, ऊन नाही. ओरखडे घालवणाऱ्या कंपाउंडचं पॅड वेगळं, शेवटच्या चकाकीचं वेगळं, दोन्ही झाकणाच्या डब्यात, धूळ लागता कामा नये. मी वैतागून म्हणायची, "आक्का, माझ्या साडीला असली धुलाई कधी लाभली न्हाय." ती म्हणायची, "तुझ्या साडीनं कुणाच्या गाडीवर ओरखडं उठत न्हाईत." एकदा एका घाईतल्या माणसाच्या गाडीचं काम चालू असताना पॅड हातातून निसटून फरशीवर पडलं. ती थांबली आणि धुवायला निघाली. तो म्हणाला, "झटका आणि लावा की बाई, लग्नाला जायचंय." आक्का म्हणाली, "मग जावा. खडा अडकलेलं पॅड मी लावणार न्हाय." तो खरंच तसाच गेला. मी तिच्यावर चिडले, इतकं कशाला ताणायचं म्हणून. ती पॅड धूतच राहिली.

रक्षाविसर्जनाला सगळी भावकी जमली. नैवेद्य ठेवला, लोक मागं सरले, आणि कावळा लगेच शिवला. एरवी आमच्याकडं तासतास ताटकळायचं असतं, मग कुणी कबूल करतं, तुझ्या लेकराचं बघतो, तुझं अमुक करतो. इथं कुणाला तोंड उघडायचीच वेळ आली नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. आप्पा म्हणाले, "समाधानानं गेली पोर. मन कशातच अडकलं नव्हतं. उत्तरकार्य झालं की शेडला कुलूप घालू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेडात त्या सकाळची काळी गाडी तशीच उभी होती, एक बाजू चकाकणारी, दुसरी ओरखड्यांनी भरलेली, आणि म्हणे मन अडकलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, कावळा उपाशी होता." मिस्टरांनी माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला.

गाडी होती बोरगावच्या एका गुरुजींची. उत्तरकार्यानंतर ते न्यायला आले आणि दारातच हात जोडून उभे राहिले. "राहू दे ताई, अशीच नेतो. तुमच्यावर परसंग आलाय." मी म्हणाले, "बसा गुरुजी. अर्धी गाडी ह्या शेडातनं जात न्हाय." मशीन मी याआधी कधी एकटीनं चालवलं नव्हतं. आक्का अंगाचा भार न टाकता कसं फिरवायची ते आठवलं, तसंच फिरवलं. गाडीच्या दाराच्या पत्र्यात हळूहळू माझंच तोंड दिसायला लागलं. मी रडत होते. लई रडले. मशीन बंद केलं नाही.

गुरुजी गेले आणि दिवस मावळताना आप्पा कुलूप घेऊन आले. मी नुकतीच पॅड धुवून जाळीवर मांडली होती, फोम खाली, चिकटपट्टी वर. "आप्पा, आज न्हाय जमणार. ओली हाईत. कोंडली तर कुबट वास मारतील, वाया जातील. वारं लागाय पायजे." ते जाळीकडं बघत राहिले. वाया जाणारी वस्तू त्यांच्याही जिवाला लागते. "बरं, वाळली की सांग," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी एक गाडी आली. संध्याकाळी आप्पा आले. "आजबी ओलीच?" "व्हय, आजबी."

असं अजून चाललंय. काल मात्र दिवसभर एकही गाडी आली नाही. दिवे लागायच्या वेळी रस्त्यावर आप्पांच्या काठीचा आवाज आला. मी डबा उघडला, कोरडी, स्वच्छ पॅड बाहेर काढली, बादलीत बुडवली, अंगठ्यानं दाबत दाबत धुतली... आणि ते दारात येईपर्यंत जाळीवर मांडून ठेवली.