मातीचं बोंडलं

"बाटलीवर कुठं पोर धरतं का? आईचं दूध ते आईचं दूध!" मुलानं आवाज चढवला.

"मग तूच पाज ना!" सून ताडकन म्हणाली. सोमवारी तिची रजा संपत होती. हजर झाली नाही, तर दवाखान्यातली नर्सची जागा दुसरीला मिळणार होती.

सासू खाली मान घालून भाजी चिरत होती. ती पुरातत्त्व संग्रहालयात मातीच्या भांड्यांच्या दालनात पहाऱ्याला असे. शेजारच्या दालनात सोन्याची नाणी, दगडी योद्धे. लोक तिकडे धावत. तिच्याकडे यायचे ते पंख्याखाली टेकायला.

नवरा गेला तेव्हा हाच मुलगा अंगावर पीत होता. त्याला नणंदेच्या मांडीवर टाकून ती या नोकरीला लागली. दुपारी पान्हा फुटून पोलकं ओलं व्हायचं, त्यावर पदर ओढून ती स्टुलावर बसायची. समोरच्या काचेत मुठीएवढं एक बोंडलं होतं. कान तुटलेला, तोटीची कड झिजलेली. खाली पाटी: 'तान्ह्या मुलाला दूध पाजण्याचे भांडे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे.'

म्हणजे तेव्हाही कुणी आई कामाला गेली होती, कुणीतरी तिचं पोर पाजलं होतं. त्या दिवशी तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं. तेव्हापासून ती काच ती स्वतः पुसत आली. शिपायालाही हात लावू द्यायची नाही.

"विचारा कुणालाही," मुलगा अजून चालूच होता. "आता मीच बघा, कसा धडधाकट!"

सासूशेजारी वाटाणे सोलणारी तिची नणंद फिस्सकन हसली. "तू होय रे? माझ्या हातच्या बाटलीवर पोसलास. बुचं चावून चावून फुकट घालवायचास, मेल्या!"

"आत्या, खरंच?"

"नाही तर काय, वारा पिऊन वाढलास?"

सून तोंडाला पदर लावून हसली. सासूनं मात्र नणंदेच्या हातांकडे पाहिलं. वाकडी झालेली बोटं वाटाण्यांवरून भराभर फिरत होती. या हातांना आपण कधी काही म्हटलंच नाही. काचेतल्या भांड्याला रोज मनातल्या मनात हात जोडले, आणि घरातल्या बाईला नुसता चहा दिला.

तिनं विळी मिटली.

"वन्सं, रविवारी तुम्हाला माझ्या दालनात नेणार आहे. एक वस्तू दाखवायचीय," ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. "सोमवारी ही कामावर जाणार. बाळ आत्यापाशी राहील. आत्याचे हात आता दुखतात, तेव्हा बाटल्या तू उकळायच्या. रोज."